खानदेशातले पाच दिवस आणि वहीतली पाच चित्रं

पहिला दिवस : चाळीसगाव, भुसावळ

जानेवारीचा पहिला आठवडा, शनिवार. नाशिक रोडहून पहाटेची गाडी धरून मी आणि माझा मित्र चाळीसगावला उतरलो तेव्हा फलाटावर नुकतं उजाडत होतं. सामान बरंच होतं. दोन कॅमेरे, तीन लेन्स, दोन फ्लॅश, त्यांचा उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स, ट्रायपॉड, आणि एका सुती पिशवीत आईची मोतिया रंगाची महेश्वरी, हिरव्या काठांची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला आजोबांनी तिला घेतलेली. साडी मागितली तेव्हा आईने एवढंच विचारलं, "नेसणार कोण?" ताई नेसणार म्हटल्यावर कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

आईचं माहेर यावल तालुक्यातलं. तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींवर एक छायाचित्रमालिका करायची, हे वर्षभर डोक्यात होतं. वहीत पाच चित्रं पेन्सिलीने काढून ठेवली होती. केळीच्या बागेत चालणारी बाई. तापीच्या धुक्यात कंदील लावलेली नाव. घरात रचलेल्या कापसाच्या ढिगावर झोपलेलं पोर. आणखी दोन. प्रत्येक चित्राखाली वेळ, लेन्स, उजेडाची दिशा, सगळं लिहिलेलं.

चाळीसगावला मुद्दाम उतरलो. कॅमेरा धरणाऱ्याने खानदेशात शिरताना आधी छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी जावं, असं मला मनापासून वाटतं. स्टेशनाजवळच त्यांचा जुना बंगला आहे, आता संग्रहालय झालेला. १९१२ साली मुंबईत जन्मलेले मूस इंग्लंडमध्ये शिकून आले, पुढचं आयुष्य त्यांनी या घरात काढलं आणि १९८९ साली गेले. घराबाहेर ते क्वचितच पडत. पंजाब मेलने येणाऱ्या एका मैत्रिणीची वाट ते रोज रात्री पाहत, ही गोष्ट चाळीसगावात आजही सांगतात. मला मात्र त्या गोष्टीपेक्षा त्यांचं टेबल मोठं वाटतं. टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या, त्यावर दिवा वळवायचा आणि त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं. याला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात आणि मूस त्यातले उस्ताद. अशा एका चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. सावल्या सगळ्या एकाच बाजूला पडलेल्या, दूरचं दूर आणि जवळचं जवळ. त्यांच्या दृश्यात वारा त्यांनी सोडला तरच शिरणार. मला त्याचा हेवा वाटला.

दुपारच्या गाडीने पाचोरा, जळगाव करत भुसावळ. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जीप घेऊन आले होते. तापीचा पूल ओलांडला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि उत्तरेला सातपुड्याची रेघ निळी-काळी होत चालली होती. रात्री मावशीची शेवभाजी आणि भाकरी. झोपताना मी पुन्हा वही उघडली.

दुसरा दिवस : बाग

रविवार असल्यामुळे ताईला शाळा नव्हती. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी सातला ती आईची साडी नेसून ओसरीवर आली. मावशी तिच्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "माही बहीणच उभी हाये वो."

बाग गावापासून दीड किलोमीटरवर. आत शिरल्या शिरल्या माझा पहिला अंदाज चुकला. मी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावून आलो होतो. तिला अंतर लागतं. केळी लावलेल्या पाच बाय पाच फुटांवर. दहा पावलं मागे सरकलं की मध्ये चार खोडं आणि दोन निळ्या पिशव्या येतात. घडांना त्या निळ्या पिशव्या घातलेल्या असतात, हे मला माहीत होतं. पण वहीतल्या चित्रात एकही पिशवी नव्हती. लेन्स बदलून पस्तीसची लावली. पानांवरून दव टपटपत होतं, म्हणून सॉफ्टबॉक्सवर मित्राने गोणपाट धरलं. ऊन अजून वरच्या पानांवरच होतं. दहाच्या सुमारास ते तिरपं आत उतरेल असा माझा हिशोब.

साडेआठला कापणीची टोळी आली. पंधरा-वीस माणसं, बांधाच्या कडेला ट्रक. सावद्याचा आणि बऱ्हाणपूरचा केळीचा भाव आदल्या संध्याकाळी थोडा चढला होता, म्हणून व्यापाऱ्याने रात्रीतून गाडी पाठवली होती. मी काकांना बाजूला घेतलं आणि विचारलं, एक दिवस थांबता येईल का. उद्या कापली तर? आज दहा ते बारा एवढाच उजेड हवा होता मला.

काका रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तीन दिवस टोयी मियेना. आज आली हाये तं आज केय कापनं पडीन." आमच्याकडे ळ चा य होतो. केळ म्हणजे केय, टोळी म्हणजे टोयी. मग थोडं थांबून म्हणाले, "बांधाकडच्या दोन ओयी शेवटी घेऊ. तुले दुपारलोक पुरतीन?"

मी हो म्हटलं. पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात राग होता. वर्षभराची तयारी आणि दोन ओळी.

दहाला ऊन उतरलं. ते दृश्य मी विसरणार नाही. पानांच्या फाटलेल्या पट्ट्यांतून उजेडाच्या सुऱ्या खाली आल्या होत्या आणि मधल्या वाटेवर ताई चालत येत होती. मी पंधरा-वीस फोटो घेतले आणि स्क्रीनवर पाहिले. ताईचा चेहरा हिरवा. हात हिरवे. मोतिया साडी कच्च्या पेरूसारखी. केळीच्या पानातून गाळून येणारा उजेडच हिरवा असतो. डोळा त्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग, गुलाबीकडे ओढला तर चेहरा सुधारला, पण थेट उन्हाच्या पट्ट्या जांभळ्या झाल्या. फ्लॅश मारला तर चेहरा खरा आला आणि मागचं सगळं आणखी हिरवं. यावर उपाय असतो. फ्लॅशवरही हिरवा जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावायचा, म्हणजे दोन्ही उजेड एका रंगाचे होतात, मग सगळं मिळून सुधारता येतं. मी नारिंगी जेल आणले होते. हिरवा आणला नव्हता.

आणि आईने हे सांगितलं होतं! "बागेत भर दुपारीसुद्धा हिरवा उजेड असतो रे," असं ती कितीदा तरी म्हणाली होती. मी ते आठवणीतलं बोलणं समजलो. ती मोजून खरं सांगत होती.

ताईला सुचलं. टोळीतल्या एका पोरीची गुलाबी ओढणी तिने मागून घेतली आणि मित्राने ती चेहऱ्याच्या बाजूला ताणून धरली. ओढणीवरून परतलेल्या उजेडाने गालावरचा हिरवेपणा बराच उतरला. अकराच्या आसपास पहिल्यांदा असं वाटलं की आता जमतंय. मी ताईला म्हटलं, वळ, पदर मोकळा सोड, तशीच थांब.

ती थांबली. त्याच वेळी पलीकडच्या ओळीतून घड डोक्यावर घेतलेला एक माणूस आमच्या वाटेने बांधाकडे निघाला. वाट एकच आणि त्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस किलो. ताई बाजूला झाली, पण पदर वाटेवरच राहिला. घड हलत गेला आणि कापलेल्या दांड्यातून चीक ओघळत गेला. नऊ-दहा थेंब, एका ओळीत. मला काहीच दिसलं नाही. केळीचा ताजा चीक पाण्यासारखा असतो, त्याला रंग नसतो. टोळीतली एक बाई मात्र तिथूनच ओरडली, "बाई, लुगडं गेलं तुमचं!" त्या सगळ्या जणींच्या अंगावर जुने शर्ट होते आणि एकूण एक शर्ट तपकिरी डागांनी भरलेले होते. सकाळपासून ते शर्ट माझ्यासमोर होते.

शूट तिथेच थांबलं. ताईने पदर विहिरीच्या पाण्यात धुतला. तासाभराने थेंबांच्या जागी फिकट पिवळं दिसू लागलं. चारला घरी आलो तोवर डाग चहाच्या रंगाचे झाले होते, कडेला जास्त गडद, आणि एकमेकांत मिसळून वीतभर लांबीची एक वेडीवाकडी रेघ झाली होती. मावशीने लिंबू-मीठ लावून पाहिलं, मग रॉकेल, मग कोमट पाण्यात साबण. शेवटी साडी दोरीवर टाकून ती माझ्याशेजारी येऊन बसली. "चीक निंघत नही रे बापा," एवढंच म्हणाली.

आईचा रात्री फोन आला. फोटो कसे झाले विचारलं. बरे झाले, म्हटलं. साडीचं बोललो नाही.

तिसरा दिवस : चांगदेव

पहाटे साडेतीनला निघालो. चांगदेवला तापीला पूर्णा येऊन मिळते. खाली हतनूरचं धरण असल्यामुळे संगमावर पाणी रुंद आणि संथ असतं. काठावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ. माझ्या वहीत पहाटेचं दाट धुकं, त्यात एक नाव, नावेत कंदील घेतलेली बाई. ताईला शाळा होती, म्हणून मावशी यायला तयार झाली होती. कंदील तिनेच माळ्यावरून काढून पुसला होता.

धुकं नव्हतं. साडेपाचला नव्हतं आणि साडेसहालाही नाही. पाणी काळं, मग करडं, आणि पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. जाळं आवरत असलेल्या एका भोई आजोबांना विचारलं, कालपर्यंत तर धुकं होतं म्हणतात? त्यांनी वर बोट दाखवलं. "आभाय आलं ना रात्री. आभाय असलं का धुई पडत नही."

बरोबरच होतं ते. धुकं धरायला रात्री आभाळ मोकळं लागतं, वारा पडलेला लागतो, म्हणजे जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पाण्यालगतची हवा गार होते. ढग आले की ती ऊब त्यांच्याखाली अडकून राहते. हे मी पुस्तकात वाचलेलं. मग रात्री अंगणात उभं राहून एकदा वर का पाहिलं नाही, हे मी स्वतःला अजून विचारतो.

मावशीने देवदर्शन घेतलं. परतताना मुक्ताईनगरला चहा. तिचं लक्ष सारखं आभाळाकडे. रस्त्याकडेच्या हरभऱ्याकडे बघत म्हणाली, या हवेनं आता घाटेअळी पडेल. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही.

चौथा दिवस : घर

दुपारी एकच्या सुमारास वारा सुटला आणि मागोमाग पाऊस. अवकाळी. वीज गेली. काका ओसरीवर उभे राहून बागेच्या दिशेने बघत होते, पण तिथून बाग दिसत नाही.

घराच्या मागच्या खोलीत कापूस रचलेला होता, भावाची वाट पाहत. वहीतलं तिसरं चित्र तिथे व्हायचं होतं. पण त्या कापसात दहा मिनिटं बसलं की अंगाला खाज सुटते, आणि शेजारच्या तीन वर्षांच्या पोराला त्यावर झोपवणं मला आता बरोबर वाटेना. ते चित्र मी वहीतून खोडलं.

खिडकीतून येणारा उजेड सुंदर होता, मऊ आणि एका बाजूचा. चाळीसगावचं टेबल आठवलं. मी मावशीला पितळी परात मागितली.

गावापासून जवळच फैजपूर. १९३६ साली तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी सजावटीचं काम चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे दिलं आणि त्यांनी गावाकडे मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या वस्तूंतून ते उभं केलं. परातीत पाणी ओतत असताना मला ते आठवलं आणि धीर आला. परात म्हणजे तापी. कापूस म्हणजे धुकं. नाव हवी, म्हटल्यावर काका काही न बोलता उठले, परसातल्या केळीचं सोपट, म्हणजे खोडाचा पापुद्रा, काढून आणलं आणि चाकूने बोटभर लांबीची नाव करून दिली. दोन्ही टोकं दाबून त्यात बाभळीचा काटा खोचलेला. "आम्ही पाटात सोडत होतो," म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदा काही बोलले होते.

पहिला तास वाया गेला. जवळून कापूस कापूसच दिसतो, त्याचा एक-एक तंतू मोजता येतो. नावेच्या कडेने पाणी वर चढतं, आणि ती चढलेली कड नाव बोटभराची आहे हे लगेच सांगते. एवढ्या जवळून सोळाच्या अ‍ॅपर्चरलाही, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करूनही, नावेचं एकच टोक धारदार येत होतं. मूस यांच्या चित्रांत हे काही जाणवत नाही. त्यामागे किती रात्री गेल्या असतील, ते मला त्या परातीपाशी बसून कळलं.

कापूस मावशीने हातात घेतला. वाती वळणाऱ्या बोटांनी तिने तो इतका विरळ पिंजला की फुंकरीने हलावा. नावेच्या बुडाला तिने बोटाने तेल लावलं आणि कडेने चढणारं पाणी बसलं. हे तिला कुणी सांगितलं होतं, विचारलं. "दिव्यातली वात तरंगवतो तं तेल लावतोच ना," म्हणाली. कंदिलाऐवजी नावेत उदबत्तीचं जळतं टोक ठेवलं. आता फक्त मागची बाजू राहिली. मागे भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. मित्राने दोरीवरची साडी काढून आडवी टांगली. मोतिया रंग म्हणजे पहाटेचं आभाळ.

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. पाणी, पिंजलेलं धुकं, नाव, लाल ठिणगी. आणि पलीकडे, धूसर, लांबवर एक वर-खाली होत गेलेली तपकिरी रेघ. मला क्षणभर कळेना की सातपुडा तिथे कुठून आला. मग कळलं, आणि कॅमेऱ्यामागेच डोळे भरले. मी साडी फिरवून कोरी बाजू पुढे घेऊन पाहिली. चित्र पोकळ दिसलं. पुन्हा डागाची बाजू लावली. सव्वाशेवर फोटो काढले. त्यांतला एक ठेवला आहे.

ताई शाळेतून भिजत आली, तिने तो स्क्रीनवर पाहिला आणि साडीकडे पाहिलं. "आईले सांगितलं का?" तिने विचारलं.

पाचवा दिवस : परत

पाऊस रात्रीच थांबला. सकाळी निरोप घेत होतो तोच शेजारचे आबा दारात आले. बागेत कापणीला आलेल्या केळी आडव्या झाल्या होत्या. पंचनाम्यासाठी फोटो हवे होते आणि त्यांचा मोबाईल पावसात बंद पडला होता. "भाऊ, तुह्याकडे मोठा कॅमेरा हाये ना," म्हणाले.

माझ्या कॅमेऱ्यातल्या फोटोवर जागेची नोंद येत नाही. म्हणून मोबाईलवर जीपीएसचं अ‍ॅप घेतलं, त्यात अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ फोटोवरच उमटतात. आम्ही दोन तास त्या बागेत फिरलो. घडाच्या वजनाने वाऱ्यात केळ कमरेतून मोडते, नाहीतर मुळासकट कलते. दोन्हींचे वेगळे फोटो घेतले. आबा प्रत्येक ओळीच्या टोकाला उभे राहिले, किती लांबवर नुकसान आहे ते कळावं म्हणून. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर ते न सांगताच उभे राहू लागले, टोपी सरळ करून. एकेचाळीस फोटो झाले. मी ते त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवले आणि मग भुसावळला जाणारी जीप धरली. काकांची बाग रस्त्यातच लागते. तिथे नुसती खोडं उभी होती, घड एकही नव्हता.

रात्री दहाला घरी पोचलो. आई जागी होती. पाणी पिऊन झाल्यावर मी पिशवीतून साडी काढून तिच्यासमोर ठेवली, पदर वर करून. तिने दिव्याखाली धरून पाहिला. बोट त्या रेघेवरून एकदा फिरवलं. मी फोटोचं काही बोलायच्या आत तिनेच विचारलं,

"चीक आहे. म्हणजे कापणी चालू होती?"

"हो, रविवारी."

"सगळी? पाऊस पडायच्या आधी?"

"सगळी. बांधाकडच्या दोन ओळीसुद्धा."

"बरं झालं," ती म्हणाली आणि साडीची घडी घालू लागली.